सोल्युशनचा वास

आकाशवाणीवर कवीला बोलावलं की तो पावसावर किंवा आईवर बोलेल, अशी साधारण अपेक्षा असते. मी आज फाटक्या जोड्यांवर बोलणार आहे. तेही चांभाराने शिवलेल्या नव्हे, तर घरी ओट्यावर बसून चिकटवलेल्या जोड्यांवर.

मिरजेत आमच्या अब्बांचं सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भाड्याने द्यायच्या सात सायकली, हवेचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि सोल्युशनचा डबा. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की अब्बा तो डबा घरी आणत आणि घरादाराचे जोडे ओट्यावर मांडून बसत. कुणाच्या बुटाचा तळ पुढून जबडा उघडल्यासारखा सुटलेला, कुणाच्या चपलेची टाच एका बाजूने झिजलेली. अब्बा कानशीने घासत, सोल्युशन लावत, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवत. तो उग्र, गोडसर वास सगळ्या घरात पसरे. अम्मी पदर नाकाला लावून म्हणे, ‘बाहर बैठो जी.’ ते बाहेर जात नसत. बाहेर बसलं तर लोक बघतील, हे त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

आपल्याकडे घरी जोडा सांधण्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचं पहिलं पान कोरंच ठेवावं लागेल. बलुतेदारीच्या गावगाड्यात ते काम चांभाराचं. वहाणा त्याने करायच्या, तुटल्या तर त्यानेच सांधायच्या, विहिरीवरची कातड्याची मोटही त्यानेच दुरुस्त करायची आणि सुगीला आपलं बलुतं धान्यात घ्यायचं. आरी, रापी आणि वाधी ही हत्यारं काही कुणाला मिळणार नाहीत अशी नव्हती. सुताराचा वाकस शेतकऱ्याच्याही घरात असे. पण रापी नसे. कारण कातड्याला हात लावायचा तर हात विटाळतो, ही समजूत. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण चपलेबद्दल वापरतो असं दाखवतो, पण ती माणसांबद्दल केलेली आहे, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

आम्ही मुसलमान, म्हणजे या समजुतीतून सुटलेले असायला हवे होतो. तसं नव्हतं. एकदा अब्बांचे मेहुणे, आमचे फुफा, अचानक घरी आले आणि ओट्यावरचा तो बाजार बघून म्हणाले, ‘चमारकी करते क्या घर में?’ अब्बांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘हुजूर अपना जूता खुद सीते थे. मैं चिपकाता. इत्ताच फरक है.’ पैगंबरसाहेब घरात काय करत, असं कुणी विचारलं तेव्हा हजरत आयेशांनी जे सांगितलं, त्यात आपले कपडे शिवणं आणि आपलं पायताण सांधणं ही दोन्ही कामं येतात. ते अब्बांना पाठ होतं. फुफांनाही असणार. ते चहा घेऊन निघून गेले.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत चपला करायला घेतल्या, त्यालाही हाच पदर होता. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात हे काम शिकून आले आणि टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी ते इतरांना शिकवलं. १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना गांधीजींनी जनरल स्मट्स यांना स्वतः केलेली चपलांची जोडी भेट दिली आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, स्मट्सनी ती परत पाठवली. पण गांधीजी शिवत होते. आपल्याला चिकटवण्याकडे जायचं आहे.

चिकटवणं चांभाराच्या कामात पूर्वीपासून होतं, पण दुय्यम. पिठाची खळ लावून कातड्याचे थर शिवण्यापुरते जागेवर धरायचे. कातडं-हाडं उकळून केलेला सरस लाकडाला उत्तम, पण त्याला ओलावा सोसत नाही आणि जोडा तर ओल्यातच चालायचा. म्हणून जोडा शिवला तरी जायचा नाहीतर त्याला खिळे मारले जायचे. कोल्हापुरी चपलेत तर खिळाही नाही, कातड्याचीच वाधी. तिला धागा नको, लोखंड नको आणि चिकटही नको. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. आम्हा सीमाभागातल्या माणसांना ती वाटणी फार समजूतदार वाटली.

पाण्यात न सुटणारा चिकट पदार्थ आला तो झाडाच्या चिकातून. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने नॅप्थात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. रेनकोटाला इंग्रज अजून त्याच्याच नावाने हाक मारतात. सोल्युशनची वंशावळ इथून सुरू होते. पण हे कच्चं रबर उन्हाळ्यात चिकचिकायचं आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवायची युक्ती सापडली, तेव्हा ते माणसात आलं.

मात्र जोडा घरच्या घरी चिकटवायची पहिली मोठी हौस रबराने आणली नाही. ती आणली गटापर्चाने. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. मलाय लोक त्याच्या कुऱ्हाडीच्या मुठी आणि चाबकाचे दांडे करत. सिंगापूरला असलेल्या विल्यम माँटगोमेरी नावाच्या डॉक्टरने १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि १८४५ मध्ये तिथे गटापर्चा कंपनी उभी राहिली. पुढे समुद्राखालच्या तारांना वेष्टण म्हणून हा पदार्थ जगप्रसिद्ध झाला. इंग्लंड-फ्रान्समधली १८५१ ची तार त्यानेच गुंडाळलेली होती. पण तारेच्या आधी कंपनीच्या जाहिराती कशाच्या होत्या? बुटाच्या तळांच्या.

गुण असा की हा पदार्थ गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ होतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट. म्हणजे जुन्या बुटाचा तळ खरवडायचा, त्यावर गटापर्चाचंच पातळ द्रावण लावायचं, शेगडीपुढे धरून दोन्ही बाजू ऊबदार करायच्या आणि दाबायच्या. ना आरी, ना खिळा. लंडनच्या ओल्या, चिखलाच्या रस्त्यांवर हा तळ कातड्यासारखा पाणी पीत नसे. मला त्या घरांतला तो प्रसंग डोळ्यांपुढे आणायला आवडतो. संध्याकाळची वेळ, कुणी कारकून शेगडीपुढे उकिडवा बसलाय, हातात बूट, आणि बायको नाकाला रुमाल लावून काहीतरी म्हणतेय.

जो गुण तोच दोष. गरमीने चिकटणारा तळ गरमीनेच सुटणार. पाय शेकायला विस्तवाजवळ ठेवले की संपलं. मिरजेच्या रस्त्यावर मे महिन्यात त्या बुटाचं काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी. आणि या सोयीची किंमत तिकडे दूर मलायात मोजली जात होती. चीक काढायला झाड चिरत नसत, पाडतच असत. तारांची मागणी वाढली तशी रानंच्या रानं आडवी झाली.

पुढचं वळण सायकलीने दिलं, आणि इथे माझा ऊर थोडा भरून येतो. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. टायरमध्ये हवा आली म्हणजे पंक्चर आलं, पंक्चर आलं म्हणजे ठिगळ आलं आणि ठिगळ आलं म्हणजे रबर विरघळवलेल्या सोल्युशनची छोटी ट्यूब खेडोपाडी पोहोचली. ज्या घरात सायकल, त्या घरात सोल्युशन. मग ते बुटाला लावून बघण्याची बुद्धी सुचायला शास्त्रज्ञ लागत नाही. टायरच्या तळाच्या चपला, ट्यूबचे पट्टे, हे सगळं त्याच गोत्रातलं.

दुसऱ्या महायुद्धाने जोडा सांधणं ही राष्ट्रीय कामगिरी करून टाकली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपडे आणि जोडे रेशनवर आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, त्यातली ७ पुरुषाच्या एका जोडीला आणि ५ बाईच्या. १९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने ‘आहे ते सांधा आणि भागवा’ अशा अर्थाची पुस्तिकाच काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून अमेरिकेत माणशी वर्षाला तीन जोड्या ठरल्या. इथे गंमत अशी, की सांधायला सांगणारं सरकार सांधायला लागणारं रबर मात्र देऊ शकत नव्हतं. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडिज घेतले आणि जगातल्या बहुतेक सगळ्या नैसर्गिक रबराच्या बागा एका फटक्यात त्याच्या हाती गेल्या. कृत्रिम रबराच्या कारखान्यांना आलेला वेग त्या टंचाईतून आला.

त्या कृत्रिम रबरांतलं एक आपल्या कामाचं. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये ते हाती लागलं होतं. पुढे निओप्रीन म्हणून ओळखलं गेलं. त्याचं पिवळसर, मधासारखं द्रावण आज कुठल्याही चांभाराच्या डब्यात दिसतं. सायकलच्या सोल्युशनपेक्षा त्याची पकड किती तरी दांडगी. या डब्याने जगभरच्या बूट कारखान्यांतली शिवण मागे ढकलली. आज आपण घालतो त्यातले बरेचसे बूट मुळात चिकटवलेलेच असतात. बाजूने दिसणारी शिवण पुष्कळदा शोभेची असते.

या चिकटाची एक रीत आहे, ती मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. १९८० च्या जानेवारीत मी पाचवीत होतो. सव्वीस तारखेच्या संचलनासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट हवे होते. माझ्या मोठ्या भावाचे होते, तळ सुटलेले. अब्बा गावाला गेले होते. आदल्या रात्री मी स्वतःच डबा उघडला, भरपूर सोल्युशन ओतलं आणि ओलं असतानाच तळ दाबून बसवला. वरून पाटा ठेवला. सकाळी मैदानावर, डावा-उजवा करत तिसऱ्या वळणावर, उजव्या बुटाचा तळ माझ्या आधी पुढे गेला. मागचा मुलगा त्याला अडखळला, त्याच्या मागचा त्याला. झेंड्यापुढे आमची रांग आडवी झाली.

घरी येताना मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मामांसमोर रडत उभा राहिलो. मामा म्हणजे आमच्या भागातले चांभार, रोहिदासांचे भक्त. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणे. त्यांनी बूट हातात घेतला, तळाशी अजून ओलं असलेलं सोल्युशन बोटाला लावून पाहिलं आणि हसले. ‘घाई केलीस,’ म्हणाले. मग कानशीने दोन्ही बाजू खरखरीत केल्या. फडक्याने धूळ पुसली. दोन्ही बाजूंना अगदी पातळ हात दिला आणि बूट बाजूला ठेवून विडी पेटवली, डब्यापासून लांब जाऊन. मी म्हटलं, ‘चिकटवा ना.’ म्हणाले, ‘बोटाला चिकटायचं थांबलं की एकमेकांना चिकटतं. तोवर थांब.’ दहाएक मिनिटांनी बोट लावून पाहिलं, दोन्ही तोंडं एकदाच नेमकी जुळवली आणि हातोडीने कडेकडेने ठोकलं.

पुढे कळलं, हे रसायनशास्त्राला धरूनच होतं. द्रावक उडून गेला पाहिजे. आत कोंडला तर रबराचे धागे एकमेकांत गुंतत नाहीत. लावण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं आणि जोर द्यायचा तो वजन ठेवून नव्हे, एकदाच ठोकून.

मामांनी पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुझ्या अब्बाला सांग, सोल्युशन विकतोस ते विक. पण कसं लावायचं ते पण सांगत जा. गिऱ्हाईक गेलं ते गेलं, जोडा तरी टिकू दे.’

हे वाक्य मी अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. अब्बा गप्प बसले. कारण गोष्ट खरी होती. आमच्या दुकानातून छोट्या ट्यूबा न्यायला सायकल नसलेली माणसंही येत. त्यात आमच्या शाळेतले एक गुरुजीही असत, कातडं हातात धरायला ज्यांचा जीव खालीवर होई. पण ट्यूबमधलं औषध लावणं म्हणजे त्यांच्या लेखी कातडीकाम नव्हतं, ती ‘दुरुस्ती’ होती. विटाळ ट्यूबने घालवला असं मी म्हणणार नाही. ट्यूबने एवढंच केलं, की ज्यांना मामांकडे जायचं नव्हतं त्यांना जावं लागेनासं झालं. आणि मामांच्या पोटाला चिमटा बसला. त्यानंतर अब्बा तळ सुटलेला जोडा घेऊन येणाऱ्याला ट्यूब देत, पण शिवण उसवलेली असली तर ‘इसको टाका लगेगा, मामा के पास जाओ’ म्हणून वळवत. दोघांनी आपापसांत तसं काही ठरवलेलं मी तरी ऐकलं नाही.

सगळ्याच चिकटाला सगळं चिकटत नाही, हेही त्या काळात हळूहळू समजत गेलं. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला तो सुतारांचा सरस घालवायला. पांढरा सरस लाकडासाठी. पावसात चालणाऱ्या बुटाशी त्या जातीच्या चिकटाचा संबंध नाही. झटपट चिकटवणारा थेंब अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती १९४२ मध्ये आला, तो बंदुकीच्या पारदर्शक निशाणासाठी प्लास्टिक शोधताना. विक्रीला यायला १९५८ उजाडलं. तो घट्ट असतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि जोडा तर प्रत्येक पावलाला वाकतो. प्लास्टिकच्या चपलेला मऊ ठेवणारं तेल हळूहळू झिरपून निओप्रीनचा चिकट ढिला करतं. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या बायका प्लास्टिकची चपल तुटली की चुलीत उलथणं तापवून ती डागून जोडत. आणि स्लिपरचा अंगठ्याचा बंद निसटला की खालून सेफ्टी पिन. त्याला अजून कुठल्याही कंपनीला पर्याय सापडलेला नाही.

वासाचं राहिलं.

इस्तंबूलमधले मुझफ्फर अक्सॉय हे रक्तविकारांचे डॉक्टर. तिथल्या छोट्या, कोंदट कारखान्यांत जोडे करणारे कारागीर त्यांच्याकडे येत. रक्त आटलेलं, पुढे काहींना रक्ताचा कर्करोग. त्या चिकटात द्रावक म्हणून बेन्झीन वापरलं जाई, कारण ते स्वस्त पडे. १९७४ मध्ये अक्सॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बेन्झीन आणि रक्ताचा कर्करोग यांचं नातं जगाला मान्य करायला लावणाऱ्या पुराव्यांत हे कारागीर आहेत. इटलीत बेन्झीनवर बंधनं आली तेव्हा त्याच्या जागी हेक्झेन आलं आणि बूट करणाऱ्यांचे हातपाय बधिर होऊ लागले. टोल्युइन असलेलं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणारी मुलं आपल्या रेल्वे फलाटांवर कुणी पाहिली नसतील असं नाही.

हे सगळं मी वाचलं तोवर अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पावसाळ्यात ते पत्र्याची खोली बंद करून आत पंक्चर काढत. संध्याकाळी डोकं धरून येत. शेवटी शेवटी बोटांच्या टोकांना काही कळत नाही म्हणत, शेरवानीची बटणं मी लावून देई. त्यांना साखरेचा आजारही होता. मी वैद्य नाही, दोन गोष्टींची गाठ मारत नाही. पण घरी कुणी सोल्युशनचा डबा उघडला तर मी आता खिडकी उघडायला उठतो आणि मला अम्मीचं ‘बाहर बैठो जी’ आठवतं.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीला कविसंमेलन होतं. मुलाने परदेशातून आणलेले भारी बूट मी कपाटात जपून ठेवले होते, चांगल्या प्रसंगासाठी. सहा-सात वर्षांत चारदा घातले असतील. निघायच्या आदल्या दिवशी काढले तर तळ भाकरीच्या चुऱ्यासारखा हातात आला. चिकट सुटला नव्हता, तळच सडला होता. या पॉलियुरेथेनच्या तळांना हवेतली दमट आतून खाते. घालून झिजवले असते तर कदाचित जास्त टिकले असते. माझ्याकडे डबा होता, कानस होती, पण चिकटवायला पलीकडे काही उरलंच नव्हतं.

बूट पिशवीत घालून गल्लीच्या तोंडाशी गेलो. मामांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो, माझ्याच वयाचा. त्याने बूट उलटा केला, उरलेला भुगा रापीने साफ खरवडला आणि म्हणाला, ‘वरचं चांगलं आहे, भाई. खाली रबराची शीट लावतो. चिकटवतो आणि कडेने टाकाही मारतो.’ मी म्हटलं, सकाळी सातची गाडी आहे, आत्ताच दे. त्याने दोन्ही बाजूंना पातळ हात दिला, बूट उन्हात ठेवले आणि मला बसायला खोकं पुढे केलं.

‘बसा,’ म्हणाला. ‘अजून बोटाला लागतंय.’